मीटर, मोबाईल आणि महिन्याचा हिशेब

प्रश्न : आम्ही घरात चौघं. थंडीत बिल अडीचशे युनिटच्या आत असायचं, मे महिन्यात ३१० आले. शेजारच्या काकू म्हणतात, तीनशेच्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो. आता काय काय बंद करू? – एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काकूंसारखं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत : १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटना लागतो. तुमच्या ३१० पैकी महाग आहेत ती शेवटची दहा. मात्र वाचवलेलं युनिट नेहमी या महाग टोकाकडूनच कमी होतं, म्हणून थोडी बचतही बिलात दिसते.

उन्हाळ्यात वाढ झालीय म्हणजे आधी पंख्यांकडं बघा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो. रोज १५ तास फिरला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो, त्याला साडेतेरा पुरतात. एका पंख्यामागं वीस युनिट वाचले! तरी सगळे एकदम बदलू नका. सगळ्यात जास्त वेळ फिरतो तो आधी बदला, दोन बिलं बघा, मग पुढचा. आणि वायरमनला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढायला सांगा. हे पंखे त्यावर नीट चालत नाहीत.

दुसरं काम फुकटचं आहे. रात्री फ्रीजसकट घरातली सगळी बटणं बंद करा, मेन स्विच चालू ठेवा आणि मीटरसमोर उभ्या राहा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी ३२०० हा आकडा छापलेला असेल, तर ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट पडतं. सगळं बंद असताना पाच मिनिटांत तो तीन-चार वेळा लुकलुकला, तर घरात कुठंतरी दहा-पंधरा वॉट चालूच आहेत. बहुतेक वेळा तो टीव्हीचा सेट टॉप बॉक्स निघतो, कारण आपण टीव्ही रिमोटनं बंद करतो आणि भिंतीवरचं बटण तसंच राहतं. दहा वॉट रात्रंदिवस चालले तर महिन्याला सात युनिट. पण सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंग तपासून घ्याच. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तिथं गळती असेल तर प्रश्न बिलाचा राहत नाही, जिवाचा होतो.

प्रश्न : सिलिंडर महिनाभर पुरत नाही. इंडक्शन शेगडी घेतली तर स्वस्त पडेल का? – कळंबा

उत्तर : तुमचं बिल कोणत्या टप्प्यात आहे त्यावर ठरेल. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला ढोबळमानानं १२५ ते १३० युनिट लागतात. आता बिल काढा, तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात एक युनिट सगळे आकार धरून कितीला पडतं ते बघा आणि १३० नं गुणा. उत्तर सिलिंडरच्या किमतीपेक्षा कमी आलं तरच शेगडी घ्या. तीनशेच्या वर जाणाऱ्या घराला मी सहसा नको म्हणतो. त्यापेक्षा मटण, हरभरा, डाळ कुकरलाच लावा आणि पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा. ज्योत मोठी ठेवल्यानं अन्न लवकर शिजत नाही, नुसती वाफ उडून जाते.

प्रश्न : महाद्वार रोडला माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. गर्दीत गिऱ्हाईक 'पैसे गेले' म्हणून मोबाईल दाखवतं आणि संध्याकाळी खात्याचा मेळ लागत नाही. – एक दुकानदार

उत्तर : गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर काय दिसतं याला काडीची किंमत देऊ नका. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप आहेत. पैसे आल्याची खूण तुमच्याच मोबाईलवर किंवा साउंडबॉक्सवर मिळाली पाहिजे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असताना हातात मोबाईल धरायला वेळ नसतो, तेव्हा साउंडबॉक्सचं भाडं मी वायफळ खर्च मानत नाही. सकाळी दुकान उघडलं की स्वतःच्या क्यूआर कोडवर एक रुपया पाठवून बघा. रात्रीत त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं असू शकतं. आणि दुकानातल्या पोराला बजावून ठेवा : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तरीही फसवणूक झालीच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मोबाईलची जागा भरली, मुलगा नवा घ्या म्हणतो. – निवृत्त शिक्षक, कसबा बावडा

उत्तर : सर, इतक्यात नको. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडा, मोठे व्हिडिओ वरच दिसतील, ते काढा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं तिथंच बंद करा. मोबाईलला सुरक्षा अपडेट येणं थांबलं असेल, तर मात्र मुलाचं ऐका.

प्रश्न : आमच्या गल्लीत पुराचं पाणी येतं. कागदपत्रं आणि वस्तू कशा सांभाळाव्यात? – शाहूपुरी

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ३९ ची बातमी आली की आवरायला लागा, ४३ ची वाट बघू नका. कागदांचं काम तर पावसाआधीच उरकायचं. आधार, गाडीचं लायसन्स, मुलांच्या गुणपत्रिका सरकारच्या डिजिलॉकर ॲपवर घ्या. त्या त्या खात्याकडून तिथं आलेला कागद कायद्यानं मूळ कागदासारखाच चालतो. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला तसा चालत नाही. घराची कागदपत्रं जाड प्लास्टिकमध्ये बांधून वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडं ठेवा.

घर सोडताना मेन स्विच बंद करा. परत आल्यावर ओल्या जमिनीवर उभं राहून त्याला हात लावू नका, आधी वायरमन बोलवा. भिजलेला फ्रीज किंवा वॉशिंग मशीन 'चालतंय का' म्हणून लावून बघायचं नाही. मोटर वाळवून, तपासून घेतली तर बऱ्याचदा वाचते. ओली असताना बटण दाबलं तर जळते आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो. मोबाईल भिजला तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि तांदळातही ठेवू नका. भुकटी आणि कण आत जातात. पुसून पंख्याखाली ठेवा आणि दुकान उघडलं की दुरुस्तीवाल्याकडं न्या.