पीएफ काढण्याआधी एकदा फोंड्याला ये

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. काल तुझ्या आईचा फोन आला होता. पीएफमधले दहा लाख काढून तू फर्मागुढीजवळचा फ्लॅट घेणार आणि भाड्याने देणार, असं ती म्हणाली. तुझी समजूत घाला असं काही ती बोलली नाही, मीच लिहायला बसले. बँकेत माझी बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली, आणि तू जे करायला निघाला आहेस ते मी स्वतः एकदा केलं आहे.

जागा तू चांगली निवडलीस. इंजिनिअरिंग कॉलेज तिथंच आहे, कुंडईची इंडस्ट्रियल इस्टेट फार लांब नाही, त्यामुळे भाडेकरू बारमाही मिळेल. किनाऱ्याकडे गेला नाहीस हेही बरं केलंस. पर्यटकांना घर द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी, रोजची चावी, रोजच्या चादरी, आणि पावसात महिनोन्‌महिने कुलूप. वेर्ण्याची नोकरी सांभाळून ते तुझ्याच्याने व्हायचं नाही. माझा जीव अडकलाय तो पैसा तू कुठून आणतोस तिथं.

फ्लॅट ४५ लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३६ लाख. वरचे ९ लाख तुझे, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी वेगळी. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या थोडा वर जातो. भाडं १४ हजार, असं तूच आईला सांगितलंस. म्हणजे दरमहा १७ हजार पगारातून जाणार, शिवाय घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स. भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं, हे खरं. पण नव्या कररचनेत त्यातून होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि हे तुला एजंट सांगणार नाही.

पीएफचं व्याज २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं. तू आता ३४ चा. दर तोच राहिला, तर हे १० लाख तुझ्या ५८ व्या वर्षी ६७ लाखांच्या आसपास जातात. दर खालीवर होईल, मान्य. सलग पाच वर्षांहून जास्त नोकरी झाली म्हणून काढताना कर लागणार नाही, हे तुझं म्हणणंही बरोबर आहे. पण नंतर तेवढा पैसा परत उभा करायला तुझ्या हाताशी ही २४ वर्षं नसतील.

आता माझं ऐक. २००९ साली माझ्या पीपीएफची १५ वर्षं पूर्ण झाली आणि सगळी रक्कम मी म्हापशातल्या एका फ्लॅटमध्ये घातली. फेब्रुवारीत पाहिला तेव्हा घर कोरडं ठणठणीत होतं. पहिल्याच आषाढात बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर हिरवट बुरशी चढली. बोट लावलं की गिलावा ओल्या पिठासारखा हाताला यायचा. भाडेकरूच्या लहान मुलीला दमा होता. चवथीआधी ती माणसं घर सोडून गेली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पाच महिने घर रिकामं राहिलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर काकांची अँजिओप्लास्टी करावी लागली. नावावर फ्लॅट होता, खात्यात पैसा नव्हता. घाईत विकायला काढला तर गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं. शेवटी माझ्या आईने दिलेल्या पाटल्या गहाण टाकल्या. ज्या काउंटरच्या आत मी इतकी वर्षं बसले, त्याच्या बाहेर त्या दिवशी पाटल्यांची पुरचुंडी घेऊन उभी होते.

म्हणून सांगते, जे १७ हजार दरमहा घरात घालायला तू तयार आहेस, तेच या महिन्यापासून रिकरिंगमध्ये टाक. चार वर्षांत नुसतं मुद्दलच ८ लाखांवर जाईल. शिवाय एवढा भार तुझ्या पगाराला झेपतो की नाही, हे घर गळ्यात पडण्याआधीच कळेल. तोवर भाव वाढतील म्हणशील. वाढतीलही. तरी थोडं लहान, थोडं जुनं घर घेणं मला परवडेल, पण तुझं म्हातारपण रिकामं झालेलं बघवणार नाही. अगदीच राहवत नसेल तर पीएफचा तिसरा हिस्सा काढ, त्याहून एक रुपया जास्त नको. आणि त्याआधी वर्षभराचे हप्ते, म्हणजे पावणेचार लाख, एफडीत बाजूला ठेव.

विकणारा माणूस विवाहित आहे का, हेही विचारून घे. आपल्या गोव्याच्या कायद्यात वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, म्हणून खरेदीखतावर दोघांच्याही सह्या हव्यात. घर वारसाने आलेलं असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली का ते बघ. ऑक्युपन्सी सर्टिफिकेटची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची, झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत माग.

टोकन अजून दिलं नसशील तर देऊ नकोस. जुलैत एखाद्या रविवारी, चांगली सर कोसळत असताना ये. छत्र्या घेऊन दोघं जाऊ आणि त्या फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघू. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आण. जेवायला इथेच थांब.

तुझी,
काकी