नोकरी सोडू का, की पाचवा दिवस मागून घेऊ?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पूर्ण वेळ नोकरी, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेश, रात्री लेखन. आता राजीनामा देऊन फक्त सेवाकार्य करावं असं वाटतंय. घरकर्जाची 9 वर्षं बाकी आहेत, मुलं शिकताहेत, शिल्लक 8 महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. मानधन आणि पुस्तकविक्री मिळून पगाराच्या दहाव्या हिश्शाएवढे पैसे येतात.

माझं मत स्पष्ट आहे, राजीनामा देऊ नका. ज्या मंडळीच्या पाकिटावर घर चालतं, तिला न रुचणारं सांगताना जीभ अडखळते. तुमचा पगार तुमच्या उपदेशाला मोकळीक देतो, आणि ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. बायबलमधल्या प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरलं. सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर जगण्याचा हक्क आहे असं त्यानेच लिहिलं, पण करिंथकरांकडून तो घेतला नाही. सीला आणि तीमथ्य हे त्याचे सहकारी मासेदोनियाहून आल्यावर मात्र तो वचन सांगण्यातच गढून गेला. तिकडच्या बांधवांनी त्याची गरज भागवली होती. आधी आधार आला, मग वेळ मोकळा झाला. हा क्रम तुम्हीही पाळा.

म्हणून आधी चार दिवसांचा आठवडा मागा. पगार साधारण 20 टक्के घटेल. आज तुम्ही 25 टक्के बाजूला टाकता, म्हणजे घरखर्च, हप्ता आणि दशांश (मंडळीला दिला जाणारा उत्पन्नाचा दहावा भाग) तसेच चालतील, बचत मात्र आजच्या पगाराच्या 5 टक्क्यांवर येईल. निवृत्तीच्या पैशाला ही मोठी झळ आहे, त्यामुळे दोन वर्षांची मुदत ठरवूनच हे करा. आरोग्यविमा चालू राहील का, निवृत्तीनिधीतला कंपनीचा वाटा किती उरेल, बाहेर लिहून मानधन घेता येईल का, ही उत्तरं लेखी घ्या.

मानधनाचं खातं वेगळं ठेवा, त्यातूनच पुस्तकांचा खर्च करा. हे उत्पन्नच आहे, विवरणपत्रात दाखवावं लागतं. आठ महिन्यांची शिल्लक छपाईला लावू नका. मागणीनुसार प्रती छापून घ्या, गठ्ठे घरात पडून राहणार नाहीत.

दोन वर्षांनी मानधन आणि विक्री मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत सलग पोहोचली असेल, तर तीन दिवसांच्या आठवड्याचा विचार करू. तोवर जोडीदाराला हे आकडे दाखवा. पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही.