काळ्या मातीवर सामानाची शेड

प्रश्न : आमचं घर इंदूरला, सुदामानगरात. मागच्या अंगणात आठ फूट बाय सहा फूट जागा मोकळी आहे. दोन कूलर, गणपतीचं मखर, शिडी, मुलांच्या सायकली, बागेची अवजारं आणि सासूबाईंची पितळेची मोठी पातेली तिथे ठेवायची आहेत. आधीचं लाकडी कपाट वाळवीनं संपवलं. यजमान म्हणतात, प्लास्टिकची तयार शेड मागवू. वेल्डिंगवाला पत्र्याची करून देतो म्हणतो. सासरे म्हणतात, विटांची खोलीच बांधा. खूप वर्षं टिकेल असं काय करावं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या घरात पत्र्याचा, प्लास्टिकचा, विटांचा विचार झाला, अंगणातल्या मातीचा कुणीच केलेला दिसत नाही. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण या शहरात फॅब्रिकेशनचं काम करताना शेडबद्दलच्या ज्या तक्रारी ऐकल्या, त्यांतल्या बऱ्याचशा 'दार लागत नाही' इथून सुरू होतात. दोष दारात नसतोच.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात अंगणात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्याच असतील. अशा मातीवर थेट फरशी टाकली की तिचा एखादा कोपरा उचलला जातो, चौकट तिरकी होते, दार घासतं आणि कडी जागेवर बसत नाही. विटांच्या खोलीला तर तिरप्या चिरा पडतात. घर बांधताना अशा जमिनीत खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घेतात. सामानाच्या खोलीसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, म्हणून सासऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. दुसरं असं की मागची जागा एमओएसमध्ये, म्हणजे घराभोवती नियमानं मोकळी सोडायच्या पट्ट्यात, येत असेल, तर तिथे पक्कं बांधकाम नकोच. बोल्ट खोलून काढता येणारी शेड करायची असली, तरी आधी नगर निगमात विचारून घ्या.

आता ओटा. काळी माती दीड फूट खोल काढून टाका. उघड्या जमिनीवर वाळवीचं औषध मारून घ्या. नंतर ही संधी मिळत नाही. मग सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरा. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मसानं ठोकायचं. मजूर एकदम सगळा मुरूम ओतून वरून ठोकू पाहतात, ते करू देऊ नका, समोर उभ्या राहा. त्यावर सळयांची जाळी घालून चार इंच काँक्रीट. ओट्याचा माथा अंगणापासून सहा इंच तरी वर हवा. ओटा शेडच्या मापाचाच ठेवा. तो बाहेर डोकावला की पावसाचं पाणी त्या कडेवर साचतं आणि पत्र्याखालून आत शिरतं. भिंतीचा पत्रा ओट्याच्या कडेबाहेरून बोटभर खाली उतरवा, पण काँक्रीटला चिकटू देऊ नका. ओलं सिमेंट जस्ताचा थर खातं. छपराला पन्हळ लावून पाणी लांब सोडा. एकाच बाजूची माती सतत ओली राहिली, तर तीच बाजू फुगून ओटा उचलते. माझं मत विचाराल तर पैशाचा मोठा वाटा इथेच घाला.

प्लास्टिकच्या शेडला मी सरसकट नाव ठेवत नाही. झाडाच्या सावलीत, हलक्या सामानाला ती ठीक. पण उघड्या अंगणात आपलं एप्रिल-मेचं ऊन वर्षानुवर्षं खाऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि पितळेच्या पातेल्यांच्या वजनानं फळ्या वाकतात. तुमच्यासाठी पत्राच.

लोहामंडीत गेलात की दुकानदार पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगेल, तुम्ही मिलिमीटरमध्ये विचारा. रंगीत जस्ती पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा घ्या आणि जस्ताचा थर किती ते विचारा. दर चौरस मीटरला 120 ग्रॅम आणि 275 ग्रॅम असे पत्रे येतात. हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. 275 चा जास्त टिकतो. चौकटीसाठी दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्या, तोंडं बंद करून. उघड्या तोंडातून पाणी आत गेलं की पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही. खांब काँक्रीटमध्ये पुरू नका, जमिनीलगतच गंजतात. खाली प्लेट जोडून अँकर बोल्टनं आवळा. पावसाआधीच्या वावटळीत हलकी शेड उचलली जाऊ नये, म्हणूनही हे बोल्ट हवेत.

गंज सुरू होतो तो जोडावर आणि भोकावर. वेल्डिंगनं त्या जागेचं जस्त जळून जातं, म्हणून जोड घासून त्याच दिवशी झिंक प्रायमर लावून घ्या. छपराचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबरी वॉशर. तो चिरडेल इतकं आवळायचं नाही. भोकं पाडताना पडलेला लोखंडी कीस संध्याकाळी झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसात रंगावर तांबडे डाग उठतात. सहा फुटांच्या खोलीत छपराला एक फूट उतार पुरे. कुणी स्वस्तात जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे देऊ केले तर घेऊ नका. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

छपराखाली समोरासमोर दोन जाळीच्या झडपा ठेवा. हिवाळ्यात पहाटे पत्रा आतून घामेजतो, थेंब खाली पडतात आणि पितळ काळवंडतं. सासूबाईंची पातेली कोरडी करून, सुती कापडात बांधून, लोखंडी मांडणीवर वरच्या बाजूला ठेवा. खताची पोती पत्र्याला टेकवू नका, थिनर नि रंगाचे डबे ठेवू नका. वर्षाचा गहू भरलेली कोठी तिथे नेण्याचा मोह होईल. उष्णता आणि दमट हवा गव्हाला मानवत नाही, ती घरातच राहू द्या.

काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. काँक्रीटला सात दिवस तरी पाणी मारायला हवं, त्याआधी वेल्डिंगवाल्याला चौकट उभी करू देऊ नका. दार बाहेर उघडणारं करा, आणि त्याची रुंदी सांगण्याआधी मोठा कूलर मोजून घ्या, त्याच्या बाजूच्या जाळ्या धरून.