बाबांना विचारलंस का?

बाळ,

बाबांच्या मालमत्तेची तुझी शीट मिळाली. अकरा ओळी, सात रकाने, हिरवे-पिवळे रंग. पुण्याचा फ्लॅट, गावचं घर, साडेतीन एकर, ठेवी, म्युच्युअल फंड, सगळं आहे. प्रत्येकापुढे 'कर किती' आहे. 'बाबांच्या मनात काय' हा रकाना मी दोनदा शोधला, सापडला नाही.

बाबांना झटका येऊन गेला, दादा कॅनडात, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलं की सगळं आत्ताच मुलांच्या नावावर करून टाका, नाहीतर कर बसेल. कुठला कर? आपल्याकडचा मृत्युकर 1985 साली गेला. वरच्या टप्प्यात तो 85 टक्क्यांपर्यंत जायचा, तेव्हा लोक घाबरायचे ते रास्तच होतं. मी धंद्यात पडलो तो त्याच काळात, त्यामुळे ती भीती अंगात मुरलेली. आज वडिलांचं घर बक्षीसपत्राने मिळो की मृत्युपत्राने, घेताना तुला आयकर नाही. पुढे विकलंस तर नफा मोजताना दोन्हीकडे मूळ खर्च बाबांचाच धरतात; गावचं घर जुनं, त्याला 1 एप्रिल 2001 चं मूल्य घेता येईल. म्हणजे ज्यावर तू तीन रात्री जागलीस तो फरक जवळजवळ नाहीच. म्हणून विचारतो, बाबांना विचारलंस का?

मी विचारलं नव्हतं. 2015 मध्ये महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचा मुद्रांक 200 रुपयांवर आला, आणि पुढच्याच वर्षी मी माझ्या वडिलांना, अण्णांना, गाडीत घातलं. वाटेत ते म्हणाले, "बेबीला सांगायचं ना रे?" मी म्हटलं, नंतर सांगू. निबंधकाकडे त्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. रेषाच झिजलेल्या. कारकुनाने ओल्या फडक्याने पुसून चारदा दाबला तेव्हा कुठे उमटला.

अण्णांच्या तेराव्याला बेबीला कळलं. भांडली नाही. एरवी वहिनीला अगं-तुगं करणारी माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली, "वहिनी, जरा पाणी देता?" माठ तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याच घरात जन्मली ती.

कागद चोख होता, आजही कुणी बोट ठेवून दाखवावं. अण्णा माझ्याकडेच असायचे, दवाखाना मीच केला, बेबीच्या लग्नाचं कर्जही मीच फेडलं. असो, हे तुला कशाला सांगतोय. कर किती वाचला विचारशील तर शून्य.

आता तुझ्या शीटकडे. तळाशी लिहिलंयस, 'सगळीकडे नॉमिनी आहे, मृत्युपत्राची गरज नाही.' वाचून डोकंच फिरलं. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, दादा, तू आणि आजी, म्हणजे बाबांची आई, चौघांचे सारखे वाटे. तुझ्या शीटमध्ये आजी नाहीच!

साडेतीन एकर दादाला बक्षीस देता येणार नाहीत. अनिवासी माणसाला शेतजमीन वारशाने येते, बक्षीस म्हणून घेता येत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर गणितच वेगळं, आधी जुने फेरफार काढ. ठेवी आईच्या नावे फिरवल्यास तरी व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरतात. आणि फ्लॅटचं बक्षीसपत्र झालं की बाबा आपल्याच घरात तुमच्या मर्जीवर. तू चांगली आहेस, ठाऊक आहे मला. मीही चांगलाच होतो.

गावच्या वाचनालयापुढे तू फक्त '80जी बघणे', म्हणजे देणगीवरची करसवलत, एवढंच लिहिलंस. बघितलं. हयातीत चेकने दिले, संस्थेकडे ती मान्यता असली आणि बाबा जुन्या करप्रणालीत असले तर त्यांना वजावट मिळेल. मृत्युपत्राने दिले तर तुम्हा वारसांना काही नाही. पण ते पैसे बाबांना स्वतःच्या हाताने द्यायचेत की मागे ठेवायचेत? विचारलंस का? मागे ठेवायचे असतील तर संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि क्रमांक मृत्युपत्रात घाल. नुसतं 'गावचं वाचनालय' लिहिलंस तर उद्या दोघं येतील हक्क सांगायला.

मृत्युपत्राला साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. साक्षीदार दोन, आणि ज्यांना काही मिळणार नाही असे. झटका येऊन गेलाय म्हणून डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोड. हे सगळं मी करून देईन, त्याची काळजी नको.

रविवारी संध्याकाळी सातला दादाला व्हिडिओ कॉलवर घे, तिकडे सकाळ असते. आजीला ऐकू कमी येतं म्हणून आतल्या खोलीत ठेवू नकोस. बाबा अडखळतील, शब्द शोधतील. त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. तोवर ती शीट मला परत पाठवायची नाही.

तुझा,
काका