माइल्ड हायब्रिड गाडीचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणं थांबलंय. लिथियम बॅटरी गेली का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सात महिन्यांची आहे, आधी सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, गेले तीन आठवडे होत नाही. सर्व्हिस सेंटरने तपासणीचं मशीन लावून 'एकही एरर नाही' म्हणून परत पाठवलं. आणि घरचे म्हणतायत की तुम्हालाच ब्रेक नीट दाबता येत नाही.

लिथियम बॅटरी बहुतेक गेलेली नाही. ती गेली असती तर बहुतेक डॅशबोर्डवर दिवा लागला असता आणि त्यांच्या मशीनवर एररचा कोड दिसला असता. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. तसंच वाक्य मी आठ महिने ऐकलंय, तेही सगळ्यांसमोर.

सीटबेल्ट, दार, एसी, गार इंजिन यांच्यामुळेही इंजिन बंद होत नाही, ते सगळं तुम्ही बघितलं असेलच. बॉनेट मात्र एकदा उघडून नीट दाबून बसवा. त्याच्या कुलपापाशी एक छोटा स्विच असतो. तो बिघडला की गाडीला वाटतं बॉनेट उघडं आहे, आणि आत कुणाचा हात असेल तर इंजिन अचानक सुरू व्हायला नको म्हणून ती इंजिन बंद करण्याच्या भानगडीतच पडत नाही. याचा दिवा बऱ्याचदा लागत नाही. यात काही निघालं नाही, तर पुढचं वाचा.

माझी गाडी 12 व्होल्टवाली, गिअरची. बॉनेटखाली नेहमीची बॅटरी, पुढच्या सीटखाली छोटी लिथियम. ऑल्टरनेटरच्या जागी एक मशीन आहे, ते बेल्टवरून चार्जिंगही करतं, इंजिनाला हातभारही लावतं आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन आवाज न करता परत सुरूही करतं. सकाळी पहिल्यांदा मात्र साधा स्टार्टरच फिरतो, म्हणून तो आवाज वेगळा येतो. अनेक नवे मालक त्या आवाजालाच घाबरतात. त्यात काही नाही.

गाडी घेतली तेव्हा माझ्या मोठ्या भावाने भेट म्हणून डॅशकॅम दिला. नुसता दिला नाही, ओळखीच्या माणसाकडून स्वतः उभं राहून बसवून घेतला, गाडी उभी असतानाही चालू राहील असा. मला फार बरं वाटलं होतं, आणि आजही त्या भेटीबद्दल माझ्या मनात काही नाही.

दीड महिन्याने सिग्नलला इंजिन बंद होणं कमी झालं. मग थांबलंच. दादाला सांगितलं तर म्हणाला, "तुझा पाय क्लचवर असतो." गिअरच्या गाडीत न्यूट्रल करून क्लच पूर्ण सोडल्याशिवाय इंजिन बंद होत नाही, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी मी महिनाभर प्रत्येक सिग्नलला पाय उचलून जमिनीवर ठेवत होते. काही फरक नाही. मग म्हणाला, "तू थांबतेस कमी, गाडीला वेळच देत नाहीस." एका घरगुती कार्यक्रमात सगळ्यांसमोर त्याने हे रंगवून सांगितलं आणि सगळे हसले. मी बावीस वर्षं गाडी चालवतेय. एक ओरखडा नाही.

सर्व्हिस सेंटरला तीनदा गेले. दोनदा 'सगळं नॉर्मल आहे'. तिसऱ्यांदा त्यांनी बॉनेटखालची बॅटरी वॉरंटीत बदलून दिली. दोन आठवडे गाडी सुरेख चालली, सिग्नलला गपकन शांत, आणि मग परत तेच. आता दादाचं मत पक्कं झालं की गाडीच सदोष आहे, हे हायब्रिड वगैरे नावापुरतं आहे, विकून टाक आणि साधी पेट्रोल घे. मध्येच एका वायरमनने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, 12.5 आलं, आणि त्याने जाहीर केलं की चार्जिंग मशीन जळलंय.

इथे मी अडले. कारण मी लायटरच्या सॉकेटमध्ये एक छोटा व्होल्टमीटर लावला होता आणि ॲक्सिलरेटर सोडून उतारावरून येताना तोच आकडा 14.8 वर जाताना मी रोज बघत होते. जळलेलं मशीन 14.8 कुठून देईल? ही गोष्ट जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकना पटत नाही, पण या गाड्यांत चार्जिंग सतत एकसारखं नसतंच. गाडी वेग कमी करत असते तेव्हा मशीन जोरात चार्ज करतं, कारण ती ऊर्जा एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणार असते. एकसारख्या वेगात चालताना, बॅटरीत पुरेसं आहे असं गाडीला वाटलं, की ते जवळजवळ हात आखडतं आणि आकडा साडेबाराच्या आसपास उतरतो. बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, पुढच्या ब्रेकची ऊर्जा ठेवायला जागा हवी म्हणून. तेव्हा चालू गाडीत 12.5 दिसले म्हणून कुणी तुम्हाला मशीन बदलायला सांगितलं, तर तिथून निघा.

पण वाक्यातला महत्त्वाचा भाग 'असं गाडीला वाटलं' हा आहे. तो माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

मी हिशेबाचं काम करते. काही जुळेना की वही घालायची, एवढं मला येतं. म्हणून वही घातली. तारीख, गाडी रात्री किती तास उभी होती, सकाळी दार उघडायच्या आधी बॅटरीवर किती व्होल्ट, दिवसभरात इंजिन किती वेळा बंद झालं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीनंतर 12.7 च्या आसपास दिसतं, 12.4 म्हणजे पाऊण, 12.1-12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. माझ्याकडे बहुतेक सकाळी 12.15. पाच आठवडे हे केलं. घरात सगळ्यांना तो वेडेपणा वाटत होता.

वहीत एक चार दिवसांचा तुकडा वेगळा निघाला. त्या चार दिवसांत सकाळचा आकडा चढत गेला होता आणि शेवटच्या दोन दिवशी इंजिन नऊ-दहा वेळा बंद झालं होतं. त्या दिवसांत काय वेगळं केलं ते आठवत बसले. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड खराब झालं होतं म्हणून मी कॅमेरा बंद करून ठेवला होता.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर पकडीला लागून एक काळा चौकोनी ठोकळा असतो. तो सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर पडला हे तो मोजतो, आणि त्या हिशेबावर गाडी ठरवते की चार्ज किती करायचं, सिग्नलला इंजिन बंद करून परत सुरू करण्याची ऐपत आहे की नाही. हे मोजमाप तेव्हाच खरं, जेव्हा सगळा करंट त्या ठोकळ्यातून जातो. गाडी बनवणारे सगळं अर्थिंग बॉडीला देतात, आणि बॉडीतून ते या ठोकळ्यातूनच बॅटरीला येतं. माझ्या गाडीत त्या ठोकळ्याला वगळून, थेट बॅटरीच्या टोकावरच्या नटाखाली, एक बारीक काळी वायर दाबलेली होती. डॅशकॅमची.

म्हणजे वहीत न लिहिलेला खर्च. कॅमेरा उभ्या गाडीत साधारण पाव अँपिअर खात होता. दिवसाला 6 अँपिअर-तास. माझी बॅटरी 45 ची. गाडी पाच दिवस उभी राहिली की 30 गेले, आणि गाडीच्या वहीत त्यातलं काहीच नाही. ती समजतेय खात्यात शिल्लक भरपूर आहे, म्हणून चार्ज करत नाही. मग व्होल्टेज मात्र खाली दिसतं, हिशेब आणि शिल्लक जुळत नाही, आणि ती सावध होऊन इंजिन बंद करायचं सोडून देते. एरर येत नाही कारण कुठलाच भाग बिघडलेला नाही. नवी बॅटरी दोन आठवडे का चालली तेही यातच आलं. गाडी शहाणी होती. तिला खोटी आकडेवारी मिळत होती.

10 नंबरचा पाना घेतला, ती वायर काढली, बॉडीच्या बोल्टला रंग खरवडून घट्ट बसवली. बॅटरी रात्रभर बाहेरच्या चार्जरवर भरली, चार्जरचा काळा चिमटाही बॉडीलाच, टोकाला नाही. मग गाडी कुलूप लावून रात्रभर तशीच ठेवली, कारण पूर्ण विश्रांतीनंतरच सेन्सर आपला आकडा नव्याने बांधतो. तिसऱ्या दिवसापासून सिग्नलला इंजिन बंद. आज सव्वा वर्ष झालं.

एक गोष्ट इथे अनेक जण अर्धवट सांगतात. वायर बॉडीला दिल्याने खर्च कमी होत नाही, नुसता वहीत येतो. मी रोज जेमतेम चाळीस मिनिटं गाडी चालवते, तेवढ्यात 6 अँपिअर-तास भरून निघत नाहीत. म्हणून उभ्या गाडीत रेकॉर्डिंग करणं मी बंदच केलं. ज्यांना ते हवंच आहे त्यांनी कॅमेऱ्यासाठी वेगळी छोटी बॅटरी लावावी. हेच साउंडच्या ॲम्प्लिफायरला, जादा हॉर्नला, ट्रॅकरला लागू.

बाकी तुमच्यासारख्या नव्या मालकांना ज्या गोष्टी खुपतात त्या बिघाड नाहीत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी एखाद्या दिवशी नेहमीसारखी अडखळत नाही, पुढे पळते असं वाटतं, तेव्हा लिथियम भरलेली असते आणि आणखी घ्यायला जागा नसते. सिग्नलला एसी कोमट होतो कारण माझ्यासारख्या गाडीत कंप्रेसर इंजिनाच्याच बेल्टवर आहे. फक्त सीटखालच्या जागेत पिशव्या कोंबू नका, तिथल्या बॅटरीला हवा लागते.

आणि ज्यांना गाडी सुरू केली की पहिलं हे सिग्नलला आपोआप बंद होणं रद्द करायचं बटण दाबायची सवय आहे, त्यांनी ही गाडी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. दादा तेच सांगतो, की सारखं बंद-चालू करून इंजिन झिजतं. ही भीती साध्या गाडीची आहे. या इंजिनांची बेअरिंग हजारो जादा स्टार्ट धरूनच बनवलेली असतात आणि बंद झालेलं इंजिन बेल्ट फिरवतो, स्टार्टरचे दात नाहीत. हायब्रिड नावापुरतं आहे, एवढं त्याचं अर्धं बरोबर. 12 व्होल्टवाल्यांत मोटर दोन-तीन किलोवॉटची, ती एकटी गाडी ओढू शकत नाही, आणि मोकळ्या हायवेला तिचा उपयोग जवळजवळ नाही. फायदा थांबत-चालत जाण्यातच आहे. मी तशीच चालवते, म्हणून मी ती घेतली. हा निर्णय मी विचार करून घेतला होता.

दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. वायर तू लावली नव्हतीस, लावणाऱ्याला माहीत नव्हतं, त्याबद्दल तुझ्यावर राग नाही. पण माझा पाय क्लचवर नव्हता. हे तू ज्यांच्यासमोर म्हणालास त्यांच्यासमोर एकदा सांग, मला बाकी काही नको.

तुमच्यासाठी राहिलेलं: तुमची गाडी 48 व्होल्टची असेल तर तिची 48 व्होल्टची बाजू आणि तिथल्या वायरी सोडून द्या, तिथे काही उघडायचं नाही. पण तिच्यातही साधी 12 व्होल्टची बॅटरी आणि तिच्यावर बहुतेक असाच सेन्सर असतो, तेव्हा हे तपासणं तसंच. वॉरंटी चालू आहे म्हणून वायर स्वतः न हलवता सर्व्हिस सेंटरकडून हलवून घ्या आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. बॅटरी बदललीच, तर जी होती त्याच प्रकारची घ्या. ईएफबी आणि एजीएम हे सारखं बंद-चालू सोसणाऱ्या बॅटरीचे दोन प्रकार. ईएफबी असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएम, साधी बसवली तर ती लवकर मरेल, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर नोंदवावी लागते. बाहेरचं काहीच लावलेलं नसेल, तर गाडी कुलूप लावून अर्धा तास थांबा आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला विळखा घालून करंट मोजणारा, निगेटिव्ह वायरवर लावा. झोपलेल्या गाडीला 0.05 अँपिअरपेक्षा कमी लागायला हवं. जास्त असेल तर काहीतरी जागं आहे, ते शोधायला लावा. बेल्टचा चरचर आवाज येत असेल तर मात्र माझी गोष्ट सोडून द्या आणि आधी बेल्ट आणि त्याचा टेन्शनर दाखवा.

पण सगळ्याच्या आधी बॉनेट उघडून निगेटिव्हच्या टोकावर किती वायरी आहेत ते मोजा. आणि गाडी नेताना वही घेऊन जा. माझी वही बघितल्यावर त्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस पहिल्यांदा माझ्याशी बोलला, त्याआधी तो माझ्या नवऱ्याशी बोलत होता.