इंजिन ऑक्टाव्हियाचे, बिल ऑडीचे

एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यात पावसच्या बाजूला त्यांची हापूसची बाग आहे. पत्नी शिक्षिका असून त्यांचा पगार हातात ५८ हजार रुपये येतो, आणि घरखर्च महिन्याला ४८ हजारांच्या आसपास आहे. मुदत ठेवी ९ लाखांच्या आहेत, यंदाच्या हंगामातून सर्व देणी भागवून ४ लाख उरले आहेत आणि मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. पुण्यातील एका डीलरकडे त्यांनी २०१७ची, ६२ हजार किलोमीटर चाललेली ऑडी ए३ डिझेल सेडान पाहिली आहे. तिची किंमत साडेतेरा लाख आहे. जुनी डिझायर देऊन येणारे सव्वादोन लाख, स्वतःचे सव्वाचार लाख आणि बाकी ७ लाखांचे साडेबारा टक्क्यांनी चार वर्षांचे कर्ज, असा त्यांचा बेत आहे. कोल्हापुरात त्याच सुमाराची स्कोडा ऑक्टाव्हिया डिझेल ऑटोमॅटिक सव्वादहा लाखांना मिळते आहे, पण "आतून दोन्ही गाड्या एकच, सुटे भागही तेच, मग त्याच देखभालीच्या खर्चात ऑडी का घेऊ नये?" असे ते विचारतात.

तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे आणि तो तुम्ही नीट शोधून काढलेला दिसतो. ए३ सेडान आणि तिसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया या दोन्ही गाड्या फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, आणि भारतात विकल्या गेलेल्या या दोन्ही गाड्यांची जुळणी औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्रा येथील कारखान्यात होत असे. तुम्ही पाहिलेल्या दोन्ही गाड्यांत १९६८ सीसीचे, १४३ पीएस ताकदीचे डिझेल इंजिन आणि सहा गिअरचा ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स आहे. ऑडी त्याला एस-ट्रॉनिक म्हणते आणि स्कोडा डीएसजी, एवढाच फरक. पण यावरून देखभालीचा खर्चही सारखाच येईल हे तुमचे अनुमान मात्र मला मान्य नाही, आणि तुमचा सगळा हिशेब त्या एका अनुमानावर उभा आहे.

सुटा भाग सारखा असणे ही कारखान्याची सोय असते. ती सोय गिऱ्हाइकाच्या खिशापर्यंत पोहोचायची असेल तर तो भाग स्वस्त काउंटरवरून घेता यावा लागतो, तो बसवणारा माणूस जवळ असावा लागतो आणि बसवल्यावर गाडीच्या संगणकाने तो स्वीकारावा लागतो. या समूहाच्या सुट्या भागांचा क्रमांक वाचायला शिकलात तर पुष्कळसा उलगडा होईल. क्रमांकाची पहिली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला गेला ते सांगतात. '५क्यू०' ने सुरू होणारा भाग बहुधा एमक्यूबीवरच्या अनेक गाड्यांना सामाईक असतो, '५ई' ने सुरू होणारा ऑक्टाव्हियाचा आणि '८व्ही' ने सुरू होणारा ए३चा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांचे क्रमांक बहुधा शून्याने सुरू होतात. डीलरकडे त्या ऑडीची मागच्या तीन-चार वर्षांची वर्कशॉपची बिले मागा आणि प्रत्येक ओळीतला क्रमांक पाहा. नियमित सर्व्हिसिंगच्या ओळींत सामाईक भाग बरेच दिसतील. हेडलाइट, बंपर, बॉनेट, दरवाजे, आरसे, डॅशबोर्डमधून वर येणारी ती स्क्रीन, तिची बटणे हे सगळे मात्र ऑडीचे स्वतःचे आहे.

आणि आपल्याकडे गाडी बिघडते त्यापेक्षा घासते जास्त. पावसकडच्या अरुंद वाटांवर समोरून टेम्पो आला की गाडी चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवून उभी करावी लागते; रात्री महामार्गावर गुरे बसलेली असतात. यात जायबंदी होतात ते बंपर, हेडलाइट आणि आरसे, म्हणजे नेमके ते भाग जे ऑक्टाव्हियाकडून उसने आणता येत नाहीत. शिवाय ऑडीच्या स्क्रीन आणि काही इलेक्ट्रॉनिक भागांना चोरीपासून संरक्षण म्हणून विशिष्ट गाडीशी बांधलेले असते. असा भाग दुसऱ्या गाडीतून काढून आणला तरी कंपनीच्या यंत्रणेशी ऑनलाइन जोडून नोंदवल्याशिवाय तो पूर्णपणे काम करत नाही. तुमचा रत्नागिरीतला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी ते काम त्याच्या हातातले नाही, आणि तुम्हीच लिहिता की तुम्ही ज्याच्यावर भरवसा ठेवणार ते ऑडीचे वर्कशॉप पुण्यात आहे. सुमारे तीनशे किलोमीटर जाणे, घाट चढणे, एक-दोन मुक्काम आणि परत येणे, यांचा खर्च कुठल्याच बिलात छापलेला नसतो, पण तो तुम्हीच भरणार आहात.

"नवी असताना पस्तीस लाखांची गाडी साडेतेरात मिळते, घसारा पहिल्या मालकाने सोसला," हा डीलरचा युक्तिवाद तुम्ही पत्रात उद्धृत केला आहे. गाडीची किंमत घसरली हे खरे. तिच्या हेडलाइटची घसरली नाही. जुन्या आलिशान गाडीत माणूस फसतो तो इथेच, कारण तो खरेदी करतो साडेतेरा लाखांची गाडी आणि दुरुस्त करतो पस्तीस लाखांची.

विम्याकडेही याच नजरेने पाहा. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, त्यामुळे १५०० सीसीवरच्या या दोन्ही गाड्यांना तो सारखाच लागेल. फरक पडतो दाव्याच्या वेळी. पाच वर्षांवरच्या आणि दहा वर्षांपर्यंतच्या गाडीच्या धातूच्या भागांवर विमा कंपनी ४० टक्के घसारा कापते, प्लॅस्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के. बंपर प्लॅस्टिकचा असतो, म्हणजे ऑडीच्या महाग बंपरचा निम्मा खर्च विमा असूनही तुमच्याच माथी येतो. हा घसारा माफ करणारे 'झिरो डेप' जोडसंरक्षण इतक्या वयाच्या गाडीला अनेक कंपन्या देत नाहीत. देत असतील तर किती हप्त्याला, हे बयाणा देण्याआधी लेखी विचारा. गाडी कोणतीही घेतलीत तरी इंजिन संरक्षणाचे जोडसंरक्षण मिळत असल्यास घ्यावे, कारण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याचा प्रसंग येणारच, आणि पाणी इंजिनात ओढले गेले तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसून तुमचा आहे. डिझायर देताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेऊन ठेवा, तो नव्या पॉलिसीला लागू होतो.

आता पैशाकडे वळू. माझ्या मते तुमच्या बेतातली सर्वांत कच्ची बाजू गाडी नसून हप्ता आहे. ७ लाखांचे कर्ज साडेबारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १८,६०० रुपये येतो आणि चार वर्षांत व्याजापोटी सुमारे १ लाख ९३ हजार जातात. पगारातून घरखर्च वजा जाता तुमच्याकडे महिन्याला १० हजार उरतात. उरलेले ८,६०० बागेच्या पैशातून यायला हवेत. पण बाग पैसे देते ते साधारण मार्च ते मे या तीन महिन्यांत, आणि बाकीचे नऊ महिने ती पैसे घेते. पावसाळ्यात कल्टार (मोहोरासाठीचे संजीवक) आणि खते, पाऊस सरल्यावर साफसफाई, मोहोर आला की तुडतुडे आणि थ्रिप्स या किडींसाठी फवारण्या, राखणदारांचा पगार हे सगळे तुम्ही वर्षाला सव्वातीन लाख म्हणून स्वतःच लिहिले आहे. त्याच नऊ महिन्यांत हप्त्याची तूट सुमारे ७७ हजारांवर जाईल. अवकाळी पावसाने एखाद्या वर्षी पहिला मोहोर गळाला तर ही तूट कशातून भरणार, हे पत्रात नाही.

यात आणखी एक धागा आहे, तो तुम्ही पाहिला नसावा. तुम्ही पीक कर्ज घेता असे लिहिले आहे. तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडल्यास आणखी ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येते. गाडीचा हप्ता चुकवायचा नाही म्हणून पीक कर्जाची फेड पुढे ढकलली गेली, तर साडेबारा टक्क्यांचे कर्ज सांभाळण्यासाठी चार टक्क्यांचे कर्ज गमावल्यासारखे होईल. बागायतदारांच्या घरांत हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि तो बहुधा गाडीपासून सुरू होतो.

म्हणून मी उलट्या बाजूने मोजले. तुमच्याकडे ठेवी आणि हंगामाची शिल्लक मिळून १३ लाख आहेत. सहा महिन्यांचा घरखर्च २ लाख ८८ हजार आणि बागेचा एका हंगामाचा खर्च सव्वातीन लाख, असे मिळून ६ लाख १३ हजार कशालाही हात न लावता ठेवायचे. ऑक्टाव्हिया सव्वादहा लाखांना घेतली, त्यात डिझायरचे सव्वादोन लाख आणि स्वतःचे साडेचार लाख घातले, तर कर्ज साडेतीन लाखांचे उरते. डिझायरचा तेवढाच भाव कोल्हापुरात मिळतो का, हे मात्र आधी पाहावे लागेल. साडेतीन लाखांचा हप्ता त्याच दराने आणि मुदतीने सुमारे ९,३०० रुपये बसतो, म्हणजे पगारातल्या शिलकीत मावतो, आणि बागेच्या पैशाला हात लावावा लागत नाही. शिल्लक राहिलेल्या साडेआठ लाखांतून वरचे ६ लाख १३ हजार बाजूला ठेवले की २ लाख ३७ हजार उरतात. त्यातले सव्वा लाख गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या ठेवीत ठेवावेत आणि उरलेले मुलीच्या प्रवेशाच्या खात्यात जावेत. दरवर्षी मेअखेरीस हंगामाचे पैसे हातात आले की कर्जातली काही रक्कम मुदतीआधी फेडा. मात्र स्थिर दराच्या वाहन कर्जाला मुदतपूर्व फेडीचे शुल्क असू शकते, त्यामुळे करारातले ते कलम सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

ऑक्टाव्हिया घेऊन तुम्ही गमावता ते बोधचिन्ह आणि आतल्या बांधणीतला थोडा सुबकपणा. मिळते ती जागा: ए३ची डिकी ४२५ लिटरची, ऑक्टाव्हियाची ५९०, मागची बैठकही ऑक्टाव्हियात ऐसपैस आहे आणि तुमच्या आईंना गुडघ्यांचा त्रास आहे असे तुम्ही लिहिले आहे. ऑडीच्या डिकीत आंब्याच्या पेट्या घालण्याची हौस कोणाला असेल तर मी आड येणार नाही, पण बसतील कमी.

ऑक्टाव्हिया घेतानाही डोळे मिटून घेऊ नका. या गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल दर ६० हजार किलोमीटरला फिल्टरसह बदलायचे असते. दोन्ही गाड्या नेमक्या त्याच टप्प्यावर आहेत. मालक बहुधा हे काम टाळून गाडी विकायला काढतात, म्हणून ते झाल्याचे बिल नसेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांची किंमत डीलर एकाच दमात सांगतात, तेव्हा गाडी खरोखर कोणती आहे हेही कागदावर पाहा. सांगाडा एक असला तरी या समूहात मागचे सस्पेन्शन इंजिनानुसार वेगवेगळे असते, त्यामुळे कोणताही भाग मॉडेलच्या नावावर न मागता चासी क्रमांकावरच मागावा. गाडी लिफ्टवर चढवून खालची बाजू बघा आणि गालिचे उचलून सीटच्या पट्ट्यांचे नटबोल्ट गंजले आहेत का ते तपासा. जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नसतील. खाऱ्या वाऱ्यात एसीचा कंडेन्सर आणि वायरिंगचे जोड लवकर खराब होतात, म्हणून समुद्राकाठी वापरलेल्या गाडीपेक्षा देशावरची गाडी मला बरी वाटते. या बाबतीत पुणे आणि कोल्हापूर दोन्ही चालतील.

दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी कोणी दाखवली तर मात्र सरळ नकार द्या. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातल्या गेलेल्या निर्बंधांमुळे त्या स्वस्त मिळत आल्या आहेत. पण ना-हरकत दाखला, इकडची नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे सगळे मोजले की त्यातला स्वस्तपणा बराच आटतो. राज्यातल्या राज्यात गाडी घेतल्यास रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही. २०१७च्या गाडीची नोंदणी २०३२पर्यंत चालेल, म्हणजे कर्ज फिटल्यावरही तुम्हाला काही वर्षे वापरायला मिळतील. फोक्सवॅगन समूहाने २०२०मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू होताना भारतात डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे पुढे ती विकून फार काही हाती येईल असे धरून चालू नका. माझ्या हिशेबात मी पुनर्विक्रीची किंमत मोजलेलीच नाही.

एवढे वाचूनही मन ऑडीवरच असेल तर ती घेण्याची एक रीत आहे. हेडलाइट, पुढचा बंपर, एसी कॉम्प्रेसर, पुढचे शॉक अॅब्सॉर्बर आणि दाराचा आरसा या पाच भागांचे दर त्या गाडीच्या चासी क्रमांकावर ऑडीकडून आणि ऑक्टाव्हियाच्या चासी क्रमांकावर स्कोडाकडून लेखी मागवा, मजुरीसह. त्यांतला फरक तुम्हाला सोसवतो असे वाटले, तर यंदा थांबा, पुढच्या हंगामाचे पैसे येऊ द्या आणि कर्ज साडेतीन लाखांपेक्षा जास्त न होऊ देता गाडी घ्या. वर्षभरात तिची किंमत खालीच येईल.

व्यवहार कोणताही ठरला तरी मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात घ्या, आणि मालकी हस्तांतरित झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. तो केला नाही तर गडग्याला घासलेल्या बंपरचा निम्मा नव्हे, सगळाच खर्च तुमचा.