इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत, 'सेट' की 'रन'?
'रन'ला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' पुढे होता, क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ. म्हणून जुन्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तोच सापडतो. पुढे कोशकार पीटर गिलिव्हर यांनी 'रन'ची नोंद नव्याने लिहिली. एका शब्दासाठी नऊ महिने! २०११पर्यंत नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ झाले होते. यंत्रं आली तसा हा शब्द फुगत गेला: गाडी, कारखाना, पुढे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम, सगळं 'रन' व्हायला लागलं.

भाषांतर करताना 'धावणे' डोक्यातून काढून टाका. मराठीत दर वेळी क्रियापद बदलतं:
- नाक 'रन' होतं: नाक वाहतं
- धुताना कापडाचा रंग 'रन' होतो: रंग जातो
- निवडणुकीला 'रन' करणं: उभं राहणं
- दुकान 'रन' करणं: चालवणं (आपलं 'चालणं'ही असंच कुठेही चालतं)

मात्र ६४५ हा आकडा त्या एका कोशाचा आहे. अर्थाच्या छटा किती बारीक वेगळ्या धरायच्या हे संपादक ठरवतो, त्यामुळे लहान कोशात हाच शब्द बराच कमी अर्थांत आटोपलेला दिसेल.